शंभर फुटी आकाशगंगा

"अण्णा, जरा खाली उतरा आणि बाहेर या," नवरीचे काका म्हणाले.

मी शिडीवर होतो. झालरीची सुतळी दातात धरलेली होती. ती काढून म्हटलं, "एवढी गाठ मारतो आन् येतो."

"गाठ राहू दे. या तुम्ही."

त्यांनी मला मांडवातून बाहेर काढलं, कमानीच्या पुढं नेलं, रस्ता ओलांडून पानपट्टीपर्यंत नेलं. मला वाटलं, काहीतरी कमी पडलंय आणि पाहुण्यांसमोर बोलायला नको म्हणून एवढ्या लांब आणलंय. मी म्हणालो, "काका, खुर्च्या दुपारच्या टेम्पोनं येतील. काळजी करू नका."

त्यांनी माझा हात धरला. मागं वळून मांडव किती लांब राहिला ते बघितलं आणि म्हणाले, "शाळेतनं फोन आला होता. बाई वारल्या."

"कुठल्या बाई?"

"अण्णा, तुमच्या घरच्या. पद्माबाई."

लग्नाच्या मांडवाखाली मरणाची गोष्ट काढत नाहीत. हे मलाही ठाऊक होतं. मांडवाचा धंदा मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. तरी त्या क्षणी मला एवढंच सुचलं की वरची गाठ सुटी राहिली आहे आणि वारा आला तर झालर खाली येईल. काकांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "आम्ही बघतो. तुम्ही जा."

पद्मा आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस. त्या दिवशी तिला मधला तास मोकळा होता. ती प्रयोगशाळेत गेली. पुढच्या तासाची घंटा झाली, पोरं दाराबाहेर रांगेत उभी राहिली, दार उघडेना म्हणून शिपायानं ढकललं. ती टेबलाजवळ खाली पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधी कधी छातीत दुखतं म्हणाली नव्हती. जिना चढताना थांबायची, पण त्याला ती वय म्हणायची.

तिच्याजवळ कोणी नव्हतं. मला शिपायानं, मुख्याध्यापकांनी, डॉक्टरांनी, तिघांनीही हेच सांगितलं.

सुतकात बायका भेटायला यायच्या. माझी थोरली बहीण, सोनाक्का, घर सांभाळायला येऊन राहिली होती. मी बाहेरच्या खोलीत बसलेला असायचो आणि आतलं बोलणं ऐकू यायचं.

"एकटीच होती म्हणं?" कुणीतरी विचारलं.

"एकटी कुठली," अक्का म्हणाली. "णमोकार होता की संगं. शेवटपर्यंत ओठ हलत होते तिचे."

"व्हय?"

"व्हय तर. त्वांडावर बघितलं न्हवं तुम्ही? झोपल्यागत होती."

आम्ही जैन. शेवटच्या घटकेला तोंडात णमोकार मंत्र असणं याच्यापेक्षा मोठं काही नाही. ऐकणाऱ्या बायका हुश्श करायच्या. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी भर पडायची. कुणी म्हणालं, तिनं हात जोडलेले होते. कुणी म्हणालं, तिनं माझं नाव घेतलं. मी उठून मागच्या दारानं गोदामात जायचो आणि कनाती मोजत बसायचो. त्या तेवढ्याच असायच्या.

सुतक फिटल्यावर मुख्याध्यापक कोगनोळे सर आले. खुर्चीच्या कडेला बसले.

"भूपालअण्णा, शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आलाय. बाईंची ती आकाशगंगा... पोरांना विचारलं तर ती रडायला लागतात. समितीचं म्हणणं पडलं की यंदा रद्द करावी."

"नको," मी म्हणालो.

"तुम्हाला त्रास व्हायला नको म्हणून म्हणतोय."

"त्रास न करताही होतोयच सर. करू या. तिचा कागद आहे माझ्याकडं."

शाळेच्या मैदानावर शंभर फूट रुंदीची रांगोळी काढायची, आपल्या आकाशगंगेची, असं पद्मानं ठरवलं होतं. एक फूट म्हणजे हजार प्रकाशवर्षं. कारखान्याच्या बॉयलरची काळी राख आणून मैदानावर पसरायची आणि त्याच्यावर पांढरी रांगोळी, निळा आणि लाल रंग. मध्ये ताऱ्यांचा लांबट पट्टा, त्याच्या टोकांपासून निघून गोल फिरत गेलेल्या भुजा. मध्यापासून सव्वीस फुटांवर आपला सूर्य. सूर्य आणि सगळे ग्रह मिळून रांगोळीच्या एका कणाएवढेसुद्धा भरणार नाहीत, म्हणून तिथं खुंटी ठोकून चिठ्ठी लावायची.

हे सगळं तिनं मला स्वयंपाकघराच्या फरशीवर कागद पसरून सांगितलं होतं. वर्तुळ नीट पडायला माझी दोरी हवी होती, म्हणून सांगितलं. नाहीतर शाळेतलं ती घरी फारसं बोलायची नाही. कागदावर मी बघितलं तर सूर्याच्या समोरच्या बाजूला, मध्याच्या मागं, एक मोठा तुकडा कोरा होता.

"हे काय? पापड मोडल्यागत?"

"तो मोकळा ठेवायचाय."

"तिथं काही नाही?"

"असणार की. आपल्याला माहीत नाही."

"एवढ्या दुर्बिणी आहेत म्हणतेस."

"अहो, आपण आतच आहोत ना! तुम्ही तुमच्या मांडवात उभे आहात असं समजा. ऐन लग्नाची गर्दी. जागचं हलायचं नाही, मांडवाबाहेर जायचं नाही, आणि मांडव केवढा नि कसा ते सांगायचं. कसं सांगाल?"

"खांब मोजीन."

"लांबचे?"

"दिसतील तेवढे. स्टेजच्या पलीकडचे कसे दिसणार? तिथं फोटोवाल्यांची गर्दी, त्यात आचाऱ्याचा धूर."

"तसंच आहे. मध्यावर गर्दी आणि वाटेत धूळ. धुळीतनं उजेड येत नाही. पण भुजांमध्ये वायू असतो, हायड्रोजन. त्याच्या रेडिओ लहरी धुळीतनं आरपार येतात. त्या ऐकून पुष्कळसा नकाशा काढलाय लोकांनी."

"मग हाही तुकडा ऐकायचा."

"ऐकू येतो हो. पण जागा ठरत नाही. आपल्या रस्त्यानं उसाचा ट्रक हॉर्न दाबत येतो, तेव्हा येतानाचा आवाज वेगळा आणि जातानाचा वेगळा. बरोबर? तसं त्या लहरींवरनं वायू आपल्याकडं येतोय की लांब जातोय, किती वेगानं, ते कळतं. वेगावरनं जागेचा हिशेब होतो. आता ट्रक येतही नाही, जातही नाही, नुसता आडवा चाललाय. मग?"

"मग काय कळणार डोंबल!"

"मध्याच्या बरोबर मागं सगळं तसं आडवं चाललंय. म्हणून हा तुकडा कोरा."

"अंदाजानं भर की. कोण बघायला जातंय?"

"पोरं बघणार आहेत. ती घरी जाऊन सांगणार, असंच असतं म्हणून. मला नाही चालायचं. पुढं कुणीतरी मोजेल आणि भरेल. तुम्ही यात पडू नका."

"मी कशाला पडू? मी दोरी धरणारा माणूस."

"मग दोरीच धरा," ती म्हणाली आणि कागदाची गुंडाळी करून कणकेच्या डब्याआड उभी करून ठेवली.

तिचं काम तिनं सांगितलं तसं व्हावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काहीही माझ्या हातात उरलं नव्हतं.

पोरांना एवढी मोठी रांगोळी एका दिवसात झेपणारी नव्हती. म्हणून अक्का तिच्या बायका घेऊन येते म्हणाली. या बायका बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, विधानाची मोठी पूजा असली की मंडल काढतात. मोठं गोल मंडल, त्यात गोलाच्या आत गोल, शेकडो कोठे, म्हणजे घरं, आणि प्रत्येक कोठ्यात रंगवलेले तांदूळ. त्यांचा हात असा की चिमटीतून रेघ सोडली की दोऱ्यानं आखल्यासारखी पडते. मी त्यांना कागद दाखवला. कोऱ्या भागावर बोट ठेवून म्हणालो, "ह्यात काही भरायचं नाही."

"बरं," अक्का म्हणाली.

महोत्सवाच्या दिवशी उजाडताच मी मध्यावर खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि चुन्याच्या फक्कीनं वर्तुळ पाडलं. राख आदल्या दिवशीच रोलर फिरवून बसवलेली होती. दोरीनं भुजांच्या खुणा करून दिल्या. मग बायका आणि पोरं कामाला लागली आणि मी स्टेजचं सामान आणायला जयसिंगपूरला गेलो. कार्यक्रम दुपारी चारला होता.

परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टेम्पोतूनच मला दिसलं. आकाशगंगा पूर्ण झाली होती. अगदी पूर्ण. भुजा मध्याच्या मागून वळून एकमेकींना येऊन मिळाल्या होत्या, आणि जिथं कोरं राहायचं होतं तिथं तर सगळ्यात देखणं काम होतं. निळ्यात लाल ठिपके, कडेला पांढरी बारीक वेल. बायका सावलीत बसून दशम्या खात होत्या. हात कोपरापर्यंत काळे.

"ये, ये," अक्का म्हणाली. "बघ की कसं झालंय!"

"अक्का, हे काय केलंस?"

"पुरं केलं."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस." ती उठून माझ्याजवळ आली. आवाज खाली आणला. "दुःखात माणूस बोलतं रं काहीबाही. तिचं अर्धं राहिलेलं काम तसंच मांडून ठेवायचं व्हय लोकांफुडं? आम्हा सगळ्याजणींचं ठरलं, पद्माचं राहिलेलं आपण पुरं करायचं."

"अर्धं राहिलेलं नव्हतं ते. तिनंच तसं ठेवलं होतं."

"आन् का?"

"तिथलं कुणी बघितलेलं नाही."

"मग? देवलोक कुणी बघितलाय? काढतोच की आम्ही." मागच्या बायका हसल्या. "विधानात एक कोठा मोकळा राहिला तर आम्ही उठत न्हाई, भूपा. मंडल मोकळं सोडायचं नसतं. त्यात घरात मरण होऊन वर्ष झालं न्हाई तुझ्या."

मी टेम्पोकडं गेलो, राखेची उरलेली दोन पोती ओढून आणली आणि वाळूची चाळणी घेतली. झाडून काढलं असतं तर रंग राखेत मिसळून डाग राहिले असते. मी कडेला बसलो आणि राख चाळायला लागलो.

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं. "शुभकार्याच्या दिवशी रांगोळीवर राख!"

अक्कानं माझं मनगट धरलं. "भूपा, माझी शप्पथ आहे. उठ."

"हात सोड."

"आमच्या सकाळपासनंच्या कामावर राख टाकायला लागलास? पाठी मोडल्या आमच्या."

"मोडल्या असतील. मला वाईट वाटतंय त्याचं. तरी सोड."

ती सोडेना. शाळेची पोरं लांबून बघत होती. कोगनोळे सर व्हरांड्यातून खाली उतरायला लागले आणि मध्येच थांबले. मी खूप दमलो होतो. त्या दिवसाचाच थकवा नव्हता. मला ओरडायचं नव्हतं आणि मी ओरडलोही नाही.

"अक्का, एक विचारू? तू तिथं होतीस?"

"कुठं?"

"प्रयोगशाळेत. ओठ हलत होते म्हणतीस पद्माचे."

तिनं मनगट सोडलं.

"होतीस?"

"न्हवते."

"मग कोण होतं?"

"कुणी न्हवतं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गालावर काळा पट्टा उमटला. "पण तसंच झालं असणार रं. रोज सकाळी म्हणायची ती. सवयीनं तरी आलंच असणार की तोंडात."

"आलं असेल. नसेलही."

"मग काय सांगू लोकांना? त्या बायका विचारतात. एकटीच पडली होती, त्वांडात काही न्हवतं, असं सांगू?"

"माहीत नाही म्हणून सांग."

"तेवढ्यावर कुणाचं समाधान होतंय व्हय?"

"माझंही होत नाही," मी म्हणालो.

मी चाळणी हलवत राहिलो. राख बारीक पडत होती आणि निळा रंग खालून बराच वेळ दिसत राहिला. तीनदा चाळावं लागलं. बायका एकेक करून उठल्या, चपला घालून निघाल्या. एकीनं जाताना मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

अक्का गेली नाही. थोड्या वेळानं ती माझ्या डाव्या बाजूला उकिडवी बसली, पांढऱ्या रांगोळीचं भांडं पुढ्यात घेऊन.

"सरक," ती म्हणाली. "कड वाकडी चाललीय तुझी. मोकळं ठेवायचं तर निदान सरळ ठेव."

तिनं मध्यापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत एक रेघ सोडली, मग पलीकडून दुसरी. दोन्ही सरळ पडल्या. गुडघे धरून उठली आणि म्हणाली, "भाकरी खा आता. तोंड बघ कसं झालंय." मी खाल्ली. ती समोर बसून राहिली.

चारला पाहुणे आले. शिक्षण खात्यातले निवृत्त साहेब होते. वर्तुळाभोवती फिरता फिरता ते कोऱ्या जागेपाशी थांबले. "एवढं राहिलं वाटतं वेळेअभावी?"

"राहिलं नाही साहेब," कोगनोळे सर म्हणाले. "ठेवलंय."

साहेबांनी मान डोलवली. समजलं की नाही कोण जाणे. मग भाषणं झाली. पद्माच्या फोटोला हार घातला. लोकांनी वाड्यावस्त्यांवरून येऊन आकाशगंगा बघितली, सूर्याच्या चिठ्ठीपाशी गर्दी केली, आणि बहुतेक सगळ्यांनी त्या काळ्या तुकड्याकडं बोट दाखवून एकमेकांना काहीतरी विचारलं.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या कनाती सोडत होतो. उपाध्येबाई आल्या. त्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. पद्माच्या बरोबरीच्या. सुतकात घरी आल्या होत्या, पण दारातूनच परत गेल्या होत्या.

"अण्णा, थोडं बोलायचं होतं."

"बोला की बाई."

"तुम्ही दुपारी अक्कांना विचारलंत, तिथं कोण होतं म्हणून. मी व्हरांड्यात होते." त्यांनी कनातीचं टोक हातात घेतलं आणि घडी घालायला लागल्या, मी न सांगता. "मी होते अण्णा. म्हणजे, आधी. मधल्या तासाला मी प्रयोगशाळेवरनं चालले होते. पद्माबाईंनी टेबलावर रंगाचे नमुने मांडले होते, राखेवर कुठला उठून दिसतो ते बघायला. वाऱ्यानं रंग उडत होता. मला म्हणाल्या, 'उपाध्येबाई, जाताना दार ओढून घ्या हो.' मी ओढून घेतलं."

मी कनातीची पुढची गाठ सोडली.

"बरं नाही असं काही वाटलं नाही मला. चेहराही नीट होता. नाकाला निळा रंग लागला होता. मी हसले, त्याही हसल्या. कशाला हसता म्हणून विचारलं नाही त्यांनी. मी दार ओढलं आणि वर्गावर गेले." त्यांची घडी वाकडी झाली. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. "दार उघडं असतं तर कुणीतरी जाता-येता बघितलं असतं. मला आधी सांगायला हवं होतं. पण सगळीकडं ते णमोकाराचं ऐकत होते. लोकांना बरं वाटत होतं. त्यात मी कुठं हे घेऊन येऊ?"

"दार तिनंच ओढायला सांगितलं," मी म्हणालो.

"हो."

"मग झालं तर."

"तुम्हाला राग नाही आला?"

"नाही बाई. मला एवढं तरी कुणी सांगितलं नव्हतं."

त्या रडायला लागल्या. मी कनातीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून राहिलेल्या सगळ्या घड्या घातल्या.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. अक्का गेली. तिनं त्यानंतर णमोकाराचं कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माहीत न्हाई बाई." म्हणताना माझ्याकडं बघायची, आणि ते बोलायला तिला जड जातंय हे मला दिसायचं. शाळेत आता खोत नावाचे विज्ञानाचे सर आहेत. पंचाहत्तरीला पुन्हा आकाशगंगा काढायचं त्यांच्या मनात आहे. दोरी धराल का म्हणून विचारायला आले होते. ते म्हणाले, मध्याच्या मागच्या काही थोड्या ठिकाणांची अंतरं आता रेडिओ दुर्बिणींनी मोजून झाली आहेत, त्या कोऱ्या जागेत चार-दोन ठिपके देता येतील, बाकीचं अजून व्हायचंय. मी हो म्हणालो.

उपाध्येबाईंनी दार ओढून घेतलं तिथपर्यंत मला माहीत आहे. तिथून शिपायानं ते ढकलेपर्यंतचं कळायचं राहिलंय.